तिसरा कोनाडा

लारचुंगच्या किल्ल्यावर जायला सरळ वाट एकच, आणि चोस्पेलने ती गेली एकतीस वर्षं टाळली होती. वर मैत्रेयाच्या दर्शनाला तर जावंच लागे. पण हा बाबा गावाला वळसा घालून मागच्या घसाऱ्यावरून चढायचा, आणि कोणी विचारलं तर म्हणायचा, सरळ वाटेनं गुडघे दुखतात. मागची वाट दुप्पट लांब आणि चौपट वाईट. लोक हसायचे, तो हसू द्यायचा.

आज मात्र सरळ वाटेनं थुक्जे पुढे चालला होता आणि थुक्जेच्या पाठीवरच्या करंडीत यांगचन होती. चोस्पेलची बायको जाऊन एकोणपन्नास दिवस झाले होते. तिच्या अस्थींची पूड मातीत कालवून, गोन्पातल्या, म्हणजे गावच्या मठातल्या, एकुलत्या एका साच्यातून मुठीएवढे स्तूप पाडले होते. हे त्सा-त्सा उंच आणि स्वच्छ जागी नेऊन ठेवायचे, की माणसाचं सगळं झालं. हे काम घरच्यांनी करायचं नसतं. एका कुलदैवताची जी पाच-सहा घरं असतात त्यांचं फास्पुन. चितेपासून त्सा-त्सापर्यंत सगळं तेच उरकतात, घरच्यांनी नुसतं रडायचं. थुक्जे चोस्पेलच्या फास्पुनमधला. चोस्पेलनं सोबत यायचा हट्ट धरला तेव्हा तो कुरकुरला होता, पण बालपणीचा मित्र, त्याला नाही कसं म्हणणार?

जागा यांगचननं स्वतःच सांगून ठेवली होती. मला कुंझेसशेजारी ठेवा, म्हणाली होती. कुंझेस त्यांची मुलगी, आठव्या वर्षी तापानं गेलेली. किल्ल्याच्या पश्चिम तटातला तिसरा कोनाडा तिचा. यांगचन दर पौर्णिमेला सरळ वाटेनं चढून तिथे लोण्याचा दिवा लावायची, हिवाळ्यातसुद्धा. साऱ्या गावाला हे ठाऊक होतं. कुंझेस तिथे नाही, हे एकट्या चोस्पेलला ठाऊक होतं.

अर्ध्या चढावर वाटेच्या खाली कड्यात एक खोबण आहे. तिथून जाताना चोस्पेलनं मान दुसरीकडे वळवली. थुक्जेची बडबड चालूच होती. आपण वर चढून किती वर्षं झाली ते आपल्यालाच आठवत नाही, असं तो धापा टाकत सांगत होता. खाली सातूचं पीक निघून गेलं होतं, शेतं उघडी पडली होती आणि विलो पिवळे झाले होते. हवा चांगली होती. असल्या दिवशी माणसाचं मन हलकं असावं. चोस्पेलचं नव्हतं.

किल्ल्याच्या भिंती मातीच्या. राजे गेले, पाऊस-वाऱ्यानं बुरूज खाल्ले, आणि उरलंय ते मैत्रेयाचं देऊळ. देवळाच्या देखभालीची पाळी ज्या घराची होती, तिथून थुक्जेनं किल्ली आणली होती. दाराशी उभं राहिलं की मैत्रेयाचे गुडघेच दिसतात; तोंड पाहायला मान पार मागे टाकावी लागते. पुढे कधीतरी यायचा हा बुद्ध, त्याला काही घाई नाही. चोस्पेललाही कधी घाई नव्हती. आज सांगू, उद्या सांगू, सुगी होऊ दे, हिवाळा सरू दे, असं करत त्यानं एकतीस वर्षं काढली होती आणि ऐकणारी निघून गेली होती. त्यानं तीनदा लोटांगण घातलं. तिसऱ्यांदा त्याला उठवेना. थुक्जेनं बगलेत हात घालून उठवलं आणि म्हातारा झालास म्हणून टोमणा मारला.

तिसरा कोनाडा काजळीनं काळाकुळकुळीत झाला होता. आत जुने त्सा-त्सा दाटीनं बसले होते, सगळे एका साच्याचे, सगळे सारखे. थुक्जेनं करंडी उतरवली, शर्टाला हात पुसले आणि पहिला त्सा-त्सा उचलला.

"थांब," चोस्पेल म्हणाला. "कुंझेस इथे नाही."

थुक्जे हात तसाच धरून उभा राहिला. चोस्पेल खाली बसला आणि त्यानं सांगून टाकलं. त्या वर्षी त्यानं रीत मोडून पोरीचे त्सा-त्सा फास्पुनच्या हातून हिसकावून घेतले होते, हे थुक्जेला आठवत होतंच. पुढचं ठाऊक नव्हतं. बर्फात चढताना चोस्पेल त्या खोबणीपाशी टेकला, आणि तिथून त्याला आपल्या घराचं छप्पर दिसलं. पश्चिम तटावरून घर दिसत नाही. पोरगी रात्री आईशिवाय झोपायची नाही. त्यानं तिला तिथेच ठेवलं आणि परत फिरला. घरी यांगचननं विचारलं, उंच ठेवलीस ना? ज्या खोबणीवरून बकऱ्या जातात तिला उंच कसं म्हणायचं? पश्चिमेचा तिसरा कोनाडा, तो म्हणाला. तोंडाला आलं ते बोलला. वसंतात ती वर गेली, तिथे तिला ताजे त्सा-त्सा दिसले आणि तिनं दिवा लावला.

"एकतीस वर्षं तिनं परक्याला दिवे लावले," चोस्पेल म्हणाला. "आणि मी खाली चहा पीत बसायचो."

थुक्जेनं हातातला त्सा-त्सा सांभाळून करंडीत ठेवला. मग तोही भिंतीला टेकून बसला.

"परक्याला नाही," तो म्हणाला. "माझी आमा आहे इथे. त्याच हिवाळ्यात गेली ना ती. मीच ठेवली."

चोस्पेलनं मान वर केली.

"मला वाटायचं दोघी शेजारी आहेत, यांगचन दोघींना मिळून लावते. म्हणून मी कधी आलोच नाही. म्हटलं, चाललंय ना." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "पोटचा मुलगा मी, एक दिवा नाही लावला. आणि तुझ्या बायकोनं बर्फात येऊन माझ्या आमाला... मूर्खा, तू खोटं बोललास, पण माझ्या आमाचं भलं झालं."

"यांगचनचं काय झालं?"

ठेवलेले त्सा-त्सा हलवायचे नसतात, म्हणजे कुंझेसला वर आणता येणार नव्हतं. यांगचनला इथे ठेवावं तर ती ओळखीच्या जागी राहिली असती, पण लेकीविना. तिनं कोनाडा मागितलाच नव्हता, लेक मागितली होती, थुक्जे म्हणाला, आणि करंडी पुन्हा पाठीवर घेतली.

ते खोबणीपाशी उतरले. चोस्पेल वाकला आणि त्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच त्यानं आत पाहिलं. वाऱ्यानं बरीच माती नेली होती. पार मागे, कोरड्यात, चार त्सा-त्सा शिल्लक होते, कडा झिजलेले. समोर खाली त्यांचं छप्पर होतं आणि छपरावर यांगचननंच उन्हाळ्यात रचून ठेवलेला गवताचा भारा. रडू त्याला आत्ता आलं. थुक्जेनं त्याला मनसोक्त रडू दिलं. घरच्यांचं कामच ते.

मग थुक्जेनं एकेक त्सा-त्सा आत लावायला घेतला. शेवटचा उचलून तो घुटमळला आणि चोस्पेलपुढे धरला.

"घे," तो म्हणाला. "रीत तू एकदा मोडलीच आहेस."

चोस्पेलनं तो दोन्ही हातांनी घेतला, खोबणीत आडवा होऊन पार आत सरकवला, त्या चार झिजलेल्यांना टेकेपर्यंत.

"कुंझेस," तो आत तोंड करून म्हणाला, "आमा आलीय गं. उशीर माझ्यामुळे झाला."