झुंबरचा राहिलेला पहारा

या, असे पुढं सरका. तिकडं खांबाला टेकून बसलात तर अर्धं ऐकू यायचं नाही. टाळ मांडीवर ठेवा, चहा येईल तेव्हा येईल. आज देवाची कथा नाही सांगत. पण देवाच्या दारात घडली, म्हणून देवाचीच म्हणा. कन्हेरीच्या सर्जेरावांची आहे, आणि त्यांच्याहून जास्त एका अशा माणसाची, जो त्या गावचा नव्हता आणि ज्याचं नाव तुमच्यापैकी एकानंही ऐकलेलं नाही. शेवटपर्यंत बसा. शेवटी एक मागणं मागणार आहे, तेवढं द्या.

सर्जेरावांना सारं गाव आबा म्हणतं. वय पंचाहत्तरीला टेकलेलं, पण पाठ खुंटीसारखी ताठ. मार्गशीर्षातल्या हरिनाम सप्ताहात त्यांचा वीणेचा पहारा गेल्या चाळीस वर्षांत चुकलेला नाही. वीणेचा नेम तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्या दिवशी देवापुढं वीणा गळ्यात घेतली की सात दिवस ती भुईला टेकवायची नाही. एकानं दोन तास उभं राहायचं, मुखानं नाम घ्यायचं, नामाशिवाय दुसरा शब्द काढायचा नाही, आणि देवापुढून हलायचं नाही. पुढचा माणूस आला की एकमेकांच्या पाया पडून वीणा त्याच्या गळ्यात घालायची. तो आला नाही तर? तर उभं राहायचं. आबांना हा नेम शिकवावा लागला नव्हता. तो ते फार लांबून शिकून आले होते.

एकाहत्तरच्या डिसेंबरात आबा वीस वर्षांचे शिपाई होते. पंजाबच्या सीमेवर, ओल्या गव्हाच्या रानात खणलेल्या खंदकात त्यांच्या जोडीला होता झुंबर मारकड, इंदापूरकडचा. झुंबरला भजनाचं भारी वेड आणि तालाचं अजिबात अंग नव्हतं. खंदकात बसून तो हळू आवाजात विठ्ठल विठ्ठल म्हणायचा आणि बंदुकीच्या दस्त्यावर बोटांनी चुकीचा ठेका धरायचा. आबा म्हणायचे, "झुंबर, तोफा परवडल्या, पण तुझा ताल नको." त्यावर तो म्हणायचा, "देव ताल बघत न्हाय रं सर्ज्या, देव हाजरी बघतो."

लढाईचा शेवटचा दिवस. शेवटचा आहे हे त्यांना कुठं ठाऊक? आबा पहाऱ्यावर होते, बदली संध्याकाळी सहाला होती. झुंबर साडेपाचलाच आला.

"हो बाजूला. बोटं बघ तुझी, वांग्यावानी निळी पडल्यात. जा, च्या घे."

"अजून येळ हाय की."

"माझं घड्याळ पुढं हाय."

झुंबरकडं घड्याळ नव्हतंच. आबा हसले, बाजूला झाले, आणि चाळीस पावलं गेले असतील नसतील, तोवर मागं गोळा पडला. आबा त्या खंदकाकडं पळत गेले, पण ज्याच्यासाठी पळाले तो उरला नव्हता. अडीच तासांनी, आठ वाजता, लढाई थांबली. झुंबरच्या पहाऱ्यावर बदली म्हणून कुणी गेलंच नाही. लागतच नव्हतं आता.

झुंबरची बायको प्रयागबाई तेव्हा एकोणीस वर्षांची. तिच्या सासरी, नदीकाठच्या जुन्या गावात, वेशीजवळ झुंबरच्या नावाचा दगड बसवला होता. पुढं उजनीचं धरण झालं, गाव पाण्यात गेलं, माणसं वरच्या नव्या गावठाणात आली. घरांची दारं, चौकटी, देवळातली मूर्ती, सगळं लोकांनी वर आणलं. दगड आणायचा राहिला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचं शिखर दिसतं. पण वेस गाळाखाली गेली ती गेलीच.

आबा दर दिवाळीला फराळ घेऊन तिच्याकडं जातात. या दिवाळीला म्हातारीनं फराळाचा डबा उघडलाच नाही.

"भाऊजी, शाळेत झेंड्याला बोलावलं हुतं मला. मास्तर तरणं हाईत, चांगलं हाईत. म्हणलं, आजी, मालक कुठल्या लढाईत गेलं? मी म्हणलं, एकाहत्तरच्या. तर म्हणलं, ती तेरा दिसांचीच व्हती न्हवं?" तिनं डबा बाजूला सारला. "तेरा दिसांची व्हती खरी. पर माझी चोपन्न वर्सं झाली."

मग म्हातारीच पुढं म्हणाली,

"मला काय नको. तुमच्या सप्त्यात मोटं कर्णं असत्यात म्हणं, चार गावाला ऐकू जातं. त्यात एकदा त्यांचं नाव घ्या. दगड तर पाण्यात गेला. नाव तरी एकदा मोट्यानं ऐकू द्या मला, कान हाईत तवर."

"घेतो वैनी," आबा म्हणाले. तेवढंच म्हणाले, पण देवापुढं म्हणावं तसं म्हणाले.

सप्ताहाची बैठक झाली तेव्हा आबांनी विषय काढला. मंडळाचा अध्यक्ष राजवर्धन, तीस-बत्तीसचा, एमआयडीसीत दुधाच्या कंपनीत कामाला. कामसू आणि गोड बोलणारा. म्हणाला, "आबा, ह्ये काय सांगणं झालं? काल्याच्या दिवशी सत्कार हाईतच. पहिलं नाव त्यांचं." आबांनी चिठ्ठी लिहून आणली होती, ठळक अक्षरात. राजवर्धननं ती मोबाईलच्या मागं, सदऱ्याच्या खिशात ठेवली. शेजारी जोतीराम होता, या वर्षीच्या महाप्रसादाचा यजमान, तोंडाळ पण मनानं वाईट नाही. तो म्हणाला, "तेरा दिसांची लढाई म्हंजे आपल्या दोन सप्त्याला एक दीस कमी की वो आबा!"

बैठक हसली. आबाही हसले. घरी आले आणि जेवले नाहीत.

सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी सकाळी प्रयागबाई एसटीनं बारामतीला उतरली. आबांच्या पुतण्यानं तिला मोटरसायकलवर कन्हेरीला आणलं. वाटेत उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, रस्ता भरलेला. यायला उशीर होतो का या धास्तीनं म्हातारी पोराच्या पाठीवर चापट्या मारत होती. नवं लुगडं नेसलेली. मांडवात बायकांच्या बाजूला, कर्ण्याच्या अगदी खाली जाऊन बसली. कुणी म्हणालं, "आजी, हितं कान फुटत्याल." म्हणाली, "फुटू द्या."

आबांचा पहारा आठ ते दहा. दहाला जोतीराम येणार, वीणा त्याच्या गळ्यात घालायची आणि आपण मांडवात वहिनींच्या जवळ जाऊन उभं राहायचं, असा आबांचा बेत. देवळात देवापुढं ते एकटेच होते, कारण सारं गाव बाहेर मांडवात. दारातून स्टेज समोर दिसत होतं.

साडेनऊला सत्कार सुरू झाले. पहिलं नाव मांडववाल्याचं. बरं, असेल. दुसरं बुंदी देणाऱ्याचं. मग पाण्याचा टँकर, मग कर्णे, मग पुण्याहून आलेले पाहुणे, त्यांचे मेहुणे. प्रत्येकाला नारळ, शाल, टाळ्या, फोटो. राजवर्धन मोबाईलमध्ये बघून नावं वाचत होता. आबांचं मुख नाम घेत होतं, रामकृष्णहरी, रामकृष्णहरी, आणि कान बाहेर. दर नावाला वाटायचं, आता.

दहा वाजले. जोतीराम आला नाही. येणार कुठून? तो स्टेजवर फेटा बांधून घेत होता. सव्वादहा. आबांनी दाराकडं बघून वीणेची तार जरा जोरात छेडली; मांडवाच्या गोंगाटात ती कोण ऐकतो? वीणा खाली ठेवली असती तर दहा पावलांत स्टेज होतं. दहा पावलं. हात एकदा गळ्यातल्या पट्ट्याकडं गेलासुद्धा. पण एकदा आयुष्यात ते पहाऱ्यावरून अर्धा तास आधी हलले होते, आणि ती चाळीस पावलं अजून संपली नव्हती. हात परत तारेवर आला.

साडेदहाला राजवर्धन माईकवर म्हणाला, "महाराजांना वेळ झालाय. वेळेअभावी कुणाचं नाव राहिलं असल, तर मोठ्या मनानं माफी असावी."

आणि कीर्तन सुरू झालं.

ज्ञानेश महाराजांचं कीर्तन त्या दिवशी असं रंगलं की काय सांगू. एरवी आबांचे डोळे अशा कीर्तनात वाहायला लागतात. त्या दिवशीही वाहिले, पण कीर्तनानं नव्हे. मांडवात कर्ण्याखाली एक म्हातारी मान वर करून बसली होती. अजून घेतील, शेवटी घेतील, असं तिच्या मानेवर लिहिलेलं होतं. दहीहंडी फुटली, लाह्या उधळल्या, आरती झाली, आणि मांडव पंगतीकडं पळाला. मान तशीच वर.

आता वीणा देवापुढं ठेवायची, की सप्ताह उजवला. जोतीराम फेट्यासकट धावत आला.

"चुकलं आबा, आडाकलो. द्या इकडं." पाया पडायला वाकला.

आबा मागं सरले. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी.

"अवो, संपला सप्ता! आता वर्सभर धरता का काय वीणा? बुंदी गार हुती."

रामकृष्णहरी.

राजवर्धन आला. "आबा, पाय सुजतील, चार तास झालं. द्या की. रुसलाव व्हय कशावर?"

पहाऱ्यावर बोलायचं नसतं. आबांनी नुसतं दारातून मांडवाकडं बघितलं. राजवर्धननं वळून बघितलं. रिकाम्या मांडवात, कर्ण्याखाली, एक म्हातारी. त्याचा हात आपोआप खिशाकडं गेला, मोबाईलमागची चिठ्ठी निघाली, घामानं ओली झालेली. पोराचा चेहरा पडला.

"आई शप्पथ आबा. डोक्यातनं गेलं माझ्या." तो बाहेर धावला, पण साऊंडवाल्यानं वायरी गुंडाळून टेम्पोत टाकल्या होत्या, दुपारी त्याचा दुसरीकडं कार्यक्रम होता. राजवर्धन परत आला. "पुढच्या वर्षी पहिलं नाव. माझ्या पोरांची शपथ."

पंचाहत्तरीच्या माणसाला पुढचं वर्ष सांगत होता. पण आबांचं मुख थांबलं नाही.

एवढ्यात ज्ञानेश महाराज देवाला निरोपाचा नमस्कार करायला आत आले. तरुण, घसा कीर्तनानं बसलेला. त्यांनी काय झालं विचारलं, राजवर्धननं चिठ्ठी पुढं केली. महाराजांनी ती दोनदा वाचली, बाहेर गेले, देवळाच्या पायरीवर उभे राहिले आणि पंगतीकडं तोंड करून, होता नव्हता तो घसा लावून म्हणाले,

"शिपाई झुंबर रामू मारकड! एकाहत्तरच्या लढाईत, पहाऱ्यावर, देह ठेवला! बोला पुंडलिक वरदा..."

पंगत मोठी. वाढपी ओरडत होते, बुंदी, बुंदी, आमटी सरका. पहिल्या दोन रांगांनी सवयीनं "हारी विठ्ठल" म्हटलं. बाकीच्यांना ऐकूच आलं नाही. पत्रावळीवरून मान वर करून एकानं विचारलं,

"कोण वारलं?"

"हाय कुणीतरी. इंदापूरकडचं."

"कवा? आज?"

"असल की. वाढ रं, भात वाढ."

राजवर्धननं मान खाली घातली. प्रयागबाई मांडवातून उठली, लुगडं सावरत, पायऱ्या चढून देवळात आली. आबांना वाटलं, आता काय तोंड दाखवू?

म्हातारी म्हणाली, "ऐकलं का भाऊजी? त्यांनी इचारलं, कोण वारलं." आणि डोळ्याला पदर लावला. "चोपन्न वर्सांत कुणी इचारलं नव्हतं."

मग तिनं पदर खोचला आणि हात पुढं केले. "द्या आता. त्यांच्या पाहऱ्याला बदली आली न्हवती न्हवं? म्या आले."

कन्हेरीत बाईच्या गळ्यात वीणा कुणी पाहिली नव्हती. जोतीराम बाजूला झाला. आबा वाकले, तीही वाकली. दोघं एकमेकांच्या पाया पडले. वीणा तिच्या गळ्यात आली. तिला नाम ठेक्यात घेता येत नव्हतं, तार भलतीकडंच छेडली जात होती. ती चार पावलं देवापर्यंत तशीच गेली, चुकीच्या तालात, आणि वीणा देवाच्या पायाशी टेकवली. आबा मागं भिंतीला धरून उभे होते. तो चुकीचा ताल ऐकून आधी हसू आल्यासारखं त्यांचं तोंड हललं, आणि मग म्हातारा लहान मुलासारखा ढसाढसा रडला.

प्रयागबाई जेवून गेली नाही. एसटी चुकेल म्हणाली.

झाली कथा. आता माझं मागणं. त्या दिवशी मांडव रिकामा होता, कर्णा टेम्पोत होता, आणि नाव ध्यान देऊन ऐकलं ते पाच-सहा जणांनी. तुम्ही आज इथं चांगले पन्नास-साठ बसला आहात. घरी गेल्यावर दिवा लावाल, हात जोडाल, तेव्हा देवाचं नाव घेऊन झालं की एकदा झुंबर रामू मारकड एवढं म्हणा. मोठ्यानं म्हणा. घरातलं कुणी विचारेल, हा कोण? विचारू द्या, आणि सांगा.