वच्छलाबाईचा दगड

बेला गावच्या सुधाकरराव पाथरवटाने पंचक्रोशीतल्या कित्येक मेलेल्यांना दगडात आणले होते. शेताच्या बांधावर, म्हणजे धुऱ्यावर, समाधी बांधून तिच्यावर माणसाचा चेहरा बसवायचा, तर लोक त्याच्याच दारी येत. बायको वच्छलाबाई दगडावर पाणी मारी, भुकटी पुसून काढी. पोटी लेकरू नव्हते. मागे नाव घेणारे कोणी नाही, म्हणून तिने एकच मागितले होते: माझाही चेहरा धुऱ्यावर राहू द्या. त्यासाठी त्याने लिंबाखाली एक काळा दगड राखला होता.

भगवंतराव व्यापाऱ्याची माय तुळजाबाई गेली. तेराव्या दिवशी, तेरवीला, समाधी हवी होती आणि फोटो एकच, तोही अर्धा पदराआड. सुधाकररावाने लिंबाखालचा दगड ओढला.

"आवो, तो माहा हाये ना?"

"तू का आजच मरून राह्यली? दुसरा आणतो. बस इथं, मान सरळ कर."

"मले काऊन बसवता?"

"म्हातारीचं तोंड कुठून आणू? तुहंच घेतो."

"तिचं नाक बसकं होतं."

"गेल्यावर नाक कोण पाहते?"

ती उन्हात बसली. दगड फिरवावा तशी तो तिची हनुवटी फिरवी. खोकला आला की म्हणे, "हालू नको, दगड बरा तुह्यापेक्षा."

त्याची एक रीत होती. डोळे कोरायचे ते शेवटी, समाधीवरच, घरच्यांनी "हीच आमची" म्हटल्यावर. नाही म्हटले तर दगड परत न्यायचा. वच्छलाबाईचा जीव त्या एका शब्दात अडकला. घरचे नाहीच म्हणतील, मग दगडही आपला, चेहरा तर आपलाच.

तेरवीला धुऱ्यावर गर्दी जमली. भगवंतरावाची बायको मंजुषा वाकून पाहू लागली. "आवो, सासूबाईचं नाक..."

"चूप राय. पंगत खोळंबली." भगवंतरावाने पाहुण्यांकडे बघून हात जोडले. "हीच आमची माय."

सुधाकररावाने छिन्नी लावली. डोळे उघडले तशी शेजारीण बयनाबाई रडायलाच लागली. "तुळजाबाईच व माय! आता बोलते का काय!"

वच्छलाबाई दगडाला लागूनच उभी होती. तिच्या तोंडाकडे कोणी पाहिले नाही. नेहमीच्या सवयीने ती पदराने दगडाच्या डोळ्यांतली भुकटी पुसायला गेली.

"ओ बाई, हात नका लावू," मंजुषा म्हणाली. "सासूबाई हायेत त्या."

बैलगाडीत बसल्यावर वच्छलाबाईने विचारले, "आता माहा कधी?"

"तुहा कसा करू? एकाच तोंडाचे दोन दगड दिसले तर भगवंतराव मले गावात राहू देईल का?"

"मंग मी?"

त्याने बैल हाकले. "डोळे मात्र झ्याक आले तुहे."

घरी आल्यावर ती लिंबाखाली गेली. दगड होता तिथले गवत पिवळे पडले होते.