निळ्याचा निवाडा

"अहो, एक मोजा निळा घातलाय आणि एक काळा," बायको म्हणाली. "लोक हसतील."

घड्याळजींनी दोन्ही पाय पुढे करून पाहिलं. दोन्ही मोजे काळे. काळेकुट्ट.

"तुझेच डोळे तपासून घे," ते म्हणाले.

"माझे? बरं बाई!" ती आत गेली आणि दोरीवरचा आणखी एक मोजा घेऊन आली. "हा या निळ्याचा जोडीदार. आता तुम्हीच लावा जोडी."

घड्याळजींनी तिन्ही मोजे खिडकीच्या उजेडात धरले. पुन्हा धरले. बायको चेष्टा करत नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.  मोज्यांचं काय हो, कोण बघतंय? त्यांना आठवला शुक्रवार.

गोष्ट अशी होती. या गावात जुनी घड्याळं जमवणाऱ्या हौशी लोकांचं एक टोळकं होतं आणि ते दर रविवारी घड्याळजींच्या दुकानात जमायचं. जमायचं म्हणजे भांडायचं. पन्नास वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीने समुद्रात बुड्या मारणाऱ्यांसाठी एक घड्याळ काढलं होतं, तेच तिने यंदा नव्याने बाजारात आणलं. तोच साचा, तेच आकडे. फक्त काचेभोवतीचं फिरणारं कडं, ज्याला ही मंडळी मोठ्या भक्तिभावाने बेझल म्हणत, ते काळं. झालं! दातांचे डॉक्टर म्हणाले, मूळचं कडं निळं होतं, कंपनीने घाण केली. वकीलसाहेब म्हणाले, मूळचं काळंच होतं, उन्हाने विटून निळं पडलं. सहा रविवार हा वाद चालला होता. एकदा तर डॉक्टर तावातावाने उठून गेले आणि छत्री विसरली म्हणून परत आले.

डॉक्टरांकडे त्यांच्या वडिलांचं अस्सल जुनं घड्याळ होतं. वडील जहाजावर इंजिनिअर. समुद्रावर जाताना ते घड्याळ डब्यात ठेवून जायचे आणि घरी आले की घालायचे, म्हणून त्याला ऊन लागलं नव्हतं. वडील गेल्यावर डॉक्टरांना तो डबा उघडवला नव्हता, घड्याळजींकडेही त्यांनी तो तसाच बंद दिला. वकीलसाहेबांनी नवं घेतलं होतं. शेवटी असं ठरलं की दोन्ही घड्याळं घड्याळजींकडे साफसफाईला द्यायची, मग या रविवारी शेजारी शेजारी ठेवायची आणि निवाडा घड्याळजींनीच करायचा. तरुणपणी ते त्याच कंपनीच्या दुरुस्ती खात्यात होते ना! हे घड्याळ तेव्हा त्यांच्या हाती आलं नव्हतं, पण रंग मूळचा की विटलेला ते त्यांनाच कळणार. "काका म्हणतील तो रंग," दोघंही म्हणाले होते.

एका वेळी एकच घड्याळ उघडायचं, हा घड्याळजींचा चाळीस वर्षांचा नेम. शुक्रवारी तो त्यांनी मोडला. दोन्ही घड्याळं एकाच घडणीची, एकाच पाण्यात धुऊन निघतील, असं म्हणून त्यांनी दोन्ही कडी पात्याने उचलली आणि एकाच वाडग्यात टाकली. बाहेर काढली तर कुठलं कुणाचं ते कळेना. घासून, उजेडात धरून, भिंगातून, सगळं करून झालं. दोन्ही काळी. तेव्हा ते स्वतःशी म्हणाले, म्हणजे वकील म्हणतो तेच खरं, मूळचंही काळंच. मग कुठलं कुठे बसलं तरी काय बिघडतं? हाताला आलं ते बसवलं. काल शनिवारी वकीलसाहेब आपलं घड्याळ घेऊनही गेले.

आणि आज तीन मोजे.

घड्याळजी जिना उतरून खाली दुकानात आले. बायको मागोमाग आली. त्यांनी डॉक्टरांचं घड्याळ पाकिटातून काढून तिच्यापुढे धरलं.

"कडं कुठल्या रंगाचं आहे?"

"काळं. का हो?"

"नीट बघ."

"नीटच बघतेय. काळंच आहे की. काय झालं? असे पांढरे काय पडलात?"

त्यांनी सांगितलं, मूळचं कडं खरंच निळं असलं, तर ते आता वकीलसाहेबांच्या मनगटावर आहे. सहा महिने जे तिच्यापासून लपवलं तेही सांगितलं. रंग हळूहळू जातायत, बाजूने अंधार येतो, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो हे खोटं होतं. तिथल्या बाकावर बसून ते नंबर यायच्या आत उठून आले होते. आत जाऊन कळलं असतं, तर दुकान बंद करावं लागलं असतं. कळलंच नाही तर चालू राहील, असा त्यांचा हिशेब.

"मला सांगायचं नाही?" ती म्हणाली. तिचा आवाज चिडका होता, पण तिने त्यांचा हात घट्ट धरला होता. "आता वकिलांना फोन करा आधी."

फोन वाजत राहिला. वकीलसाहेबांनी उचलला नाही. दोनदा, तीनदा.  मंडळी अकराला येणार होती, अजून पाऊण तास होता. तेवढ्यात दार ढकलून डॉक्टरच आत आले, एकटेच.

"राहवेना हो काका, म्हणून लवकर आलो. आणा बघू माझ्या बाबांना इकडे!"

त्यांनी घड्याळ हातात घेतलं. हसत घेतलं. मग हसू हळूहळू गेलं. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, चष्मा काढून डोळ्याशी नेलं.

"मागचा ओरखडा बाबांचाच आहे," ते सावकाश म्हणाले. "पण कडं... काका, हे कडं आमचं नाही."

 या धंद्यात सगळ्यात जुनी चोरी कुठली ते दोघांनाही ठाऊक होतं. अस्सल भाग काढायचा, नवा बसवायचा, अस्सल भलत्याला विकायचा. असल्या कड्यांवर किती जण टपून बसलेत तेही ठाऊक होतं. डॉक्टर चोर म्हणाले नव्हते. अजून म्हणाले नव्हते.

चोर म्हणवून घ्यावं तर दुकान गेलं. दिसत नाही म्हणावं तर तेही गेलंच. इकडे आड, तिकडे विहीर. आणि मग त्या दोहोंच्या मधली एक पायवाट घड्याळजींना दिसली. निवाडा त्यांच्याकडेच होता की! मूळचं काळंच होतं, असं एकदा ते म्हणाले की संपलं. कंपनीत काम केलेल्या माणसाला कोण खोडून काढणार?

"डॉक्टर," ते म्हणाले, "लहानपणीच्या आठवणी जरा फसव्या असतात."

बायकोने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. चौपन्न वर्षांचा माणूस, पण तोंड एवढंसं झालं. "म्हणजे निळं नव्हतंच? बाबा घरी आले की मी मांडीवर बसून हे फिरवत बसायचो. ते म्हणायचे, बघ, मी एवढा समुद्र तुझ्यासाठी घरी आणलाय. वर्षातून दोन महिने भेटायचा माणूस. मला त्यांचं दुसरं काही आठवत नाही हो. तेही मी मनाचं रचलं म्हणता?"

घड्याळजींना आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती.  तरी ते बोलले.

"नाही, निळंच होतं. मी खोटं बोलत होतो. तुमचं कडं वकीलसाहेबांच्या घड्याळावर गेलंय, माझ्या हातून. मला निळा दिसत नाही, डॉक्टर. बरेच दिवस झाले."

 डॉक्टरांनी घड्याळ काउंटरवर ठेवलं, अगदी जपून.

एवढ्यात वकीलसाहेब आले. दारातूनच मनगट उंचावत. "काका, फोन घरी राहिला बरं का. बघा डॉक्टर, बघा! याला म्हणतात काळा! काल संध्याकाळपासून हातावर आहे, नजर हटत नाही."

"वकीलसाहेब," घड्याळजींची बायको म्हणाली, "ते निळं आहे."

"तुम्हीसुद्धा, काकू? सकाळी आमची हीसुद्धा हेच म्हणत होती. मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं." ते खिडकीपाशी गेले. मनगट उन्हात धरलं. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांचे कान लाल झाले. "अरेच्चा," ते म्हणाले. "अहो, हे निळं आहे."

डॉक्टर आधी हसले. मग वकील हसले, मग बायकोही. धडधाकट डोळ्यांच्या माणसाने रात्रभर निळं कडं मिरवलं होतं, काळं म्हणून! घड्याळजी हसले नाहीत. डॉक्टरांनी थोडक्यात सगळं सांगितलं आणि वकीलसाहेबांचं हसू मध्येच थांबलं. त्यांनी घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं.

घड्याळजी आपल्या जागेवर बसले. दोन्ही कडी पात्याने उचलली, या वेळी बायकोने एकेक वेगळ्या वाटीत धरली, आणि ज्याची त्याला बसवली. बोटांनी कडेची फट चाचपली, अंगठ्याने दाबलं, टक्. दोन मिनिटांचं काम. हात जराही हलला नाही. पण दोघंही हौशी माणसं श्वास रोखून त्या हातांकडे बघत होती. आजवर असं कुणी बघितलं नव्हतं, गप्पा मारत बसायचे. घड्याळजींना मानेवर ती नजर जाणवत होती.

"फर्स्ट क्लास," डॉक्टर म्हणाले. वडिलांचं घड्याळ हातावर चढवून त्यांनी कडं एकदा गोल फिरवलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "कुणाला कळायचं कारण नाही, काका. काय वकील?"

"छे छे! प्रश्नच नाही. आणि निळ्याचा निवाडा झाला, मी हरलो, हे मी मंडळींना सांगतो." वकीलसाहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. मग ते उगाच भिंतीवरच्या घड्याळांकडे पाहत म्हणाले, "आणि काका, ते माझं दुसरं, चावीचं. गेल्या महिन्यात दिलं होतं बघा दुरुस्तीला. ते झालं नसलं तर तसंच द्या. घाई नाही म्हणा. मुलगी घालीन म्हणत होती."

वकीलसाहेबांना मुलगी नव्हती, दोन मुलगे होते. हे दुकानात सगळ्यांनाच माहीत होतं. डॉक्टर जमिनीकडे बघू लागले. बायको काहीतरी बोलणार होती, पण घड्याळजींनी हात वर केला.

"झालंय," ते म्हणाले. "बुधवारीच झालंय."

त्यांनी खण उघडून न पाहता, बोटांनीच ते पाकीट काढलं. घड्याळ मऊ कापडाने पुसलं, किल्ली दिली, कानाशी धरून चाल ऐकली. मग बायकोला किती वाजले विचारलं, काटे मिनिटावर लावले आणि दोन्ही हातांनी ते वकीलसाहेबांपुढे धरलं.

"रोज सकाळी एकाच वेळेला किल्ली द्यायला सांगा तिला," ते म्हणाले.