दाखवायची विहीर

हिवरवाडीचे सरपंच दत्तराव यांना ही युक्ती सुचली तेव्हा त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. शहाणपण सुचलं की माणसाला ते पोटात ठेवता येत नाही. त्यांनी लगेच मारुतीच्या पारावर चार माणसं जमवली आणि सांगून टाकलं.

सत्त्याऐंशी सालचा मे महिना होता. आदल्या वर्षी पाऊस तोंड दाखवून गेला तो गेलाच. गावाला प्यायच्या पाण्याची विहीर एकच, ओढ्याच्या काठाला, आणि तिला खेटून दत्तरावांची मोसंबीची बाग. विहिरीत कंबरभर पाणी उरलं होतं. आता सरकारी न्याय असा, की टंचाईचे साहेब सेलूहून येणार, विहिरीत वाकून बघणार, तळ दिसला तर गावाला टँकर देणार, पाणी दिसलं तर ‘पुरवून वापरा’ म्हणून निघून जाणार. कंबरभर पाणी पंधरा दिवसांत संपणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण पंधरा दिवसांनी साहेब थोडेच परत येणार होते? एकदा गेले की पुढच्या उन्हाळ्यालाच.

“म्हनून साहेब यायच्या आधी इहीर उपसून टाकायची,” दत्तराव म्हणाले. “कोरडा तळ दाखवायचा. टँकर एकदा सुरू झाला की पावसाळ्यापस्तोर घोर न्हाई.”

बेत तसा वावगा नव्हता. गावाचं भलंच होतं त्यात. फक्त जमलेल्यांतल्या सूर्यभाननं विचारलं, “उपसलेलं पाणी सोडायचं कुठं?”

“बागंत. वाया कामून घालवायचं?”

मोटार दत्तरावांची, पाईप त्यांचा, बाग त्यांची. तीन वर्षांची झाडं पानं गाळायला लागली होती आणि ती वाचवायची तर हीच वेळ होती. एका दगडात दोन पक्षी मरत असतील तर मारणाऱ्यानं का थांबावं? दत्तरावांनी हे असं मोठ्यानं म्हटलं नाही. स्वतःशीसुद्धा हळूच म्हटलं.

गावात दवंडी फिरली. ज्याला जेवढं भरता येईल तेवढं आज भरून ठेवावं, उद्यापासून साहेब जाईपर्यंत विहिरीवर कुणी जाऊ नये. आणि शेवटचं म्हणजे, साहेबांनी पाणी मागितलं तरी कुणी द्यायचं नाही. गावात थेंब नाही म्हणायचं.

या शेवटच्या गोष्टीवर बायका कुजबुजल्या. आपल्याकडे दारात वैरी आला तरी आधी तांब्या पुढे करतात, भांडण मागून. पण सरपंचांचा शब्द, आणि टँकरचा प्रश्न.

सोमवारी सकाळी मोटार सुरू झाली आणि दुपारपर्यंत तळाचा गाळ दिसायला लागला. साहेब काही आले नाहीत. परभणीला नामांतराचा मोर्चा निघाला होता आणि साहेब बंदोबस्ताच्या कामाला जुंपले गेले, असा निरोप तलाठ्यानं आणला. मंगळवारी सकाळी बघावं तर झऱ्यांनी आपलं काम चोख केलेलं, विहिरीत पुन्हा गुडघाभर पाणी. ते पुन्हा उपसलं. पुन्हा बागेत गेलं.

ज्यांच्या घरात हौद आणि रांजण होते, त्यांचं भागलं. ज्यांच्या घरात एक घागर होती, त्यांनी एक घागर भरली होती.

दगडाबाईकडे एकच घागर होती. धनगराची म्हातारी, साठीच्या पुढची. पोरं मेंढरं घेऊन पाण्यासाठी गंगेकाठी, म्हणजे गोदावरीला, उतरली होती आणि ही मागे घर राखायला राहिली होती. राखण्यासारखं घरात काही नव्हतं, पण माणूस तसं म्हणतो. पोट भरायला ती क्रशरवर खडीच्या पाट्या टाकायची.

हे क्रशर म्हणजे गावाचा विकास. देवगाव फाट्याकडचा रस्ता रुंद व्हायचा होता, त्यासाठी गावाबाहेरच्या माळावर दगड फोडायचं यंत्र आलं, आणि ग्रामपंचायतीची हरकत नसल्याच्या कागदावर दत्तरावांनीच मोठ्या झोकात सही केली होती. गावाच्या चार लोकांना काम लागलं, हे खरं. सुरुंग उडायला लागल्यापासून विहिरीचे झरे आटले, असं जुनी माणसं म्हणायची, ते खरं की खोटं कुणास ठाऊक. पण भुकटी मात्र सगळ्यांना दिसत होती. दिवसभर माळावरून पांढरा लोट उठायचा आणि गावावर येऊन बसायचा. भाकरी चावली की दाताखाली कचकच. क्रशरवरच्या बाया डोळ्यांच्या पापण्यांसकट पांढऱ्या होऊन घरी यायच्या, आणि मग घराघरांतून खोकल्याचा आवाज यायचा.

मंगळवारी दुपारी मोटार चालू असताना दगडाबाई विहिरीवर आली. कामावरून थेट आलेली, डोक्याला फडकं तसंच.

“मालक, येक घागर भरू द्या. भुकटीनं नरडं लय जळायलंय.”

“आता कसं भरू द्यावं, दगडाबाई? तुला दिलं की समदं गाव येईल. साहेब जाईस्तोवर दम धर की.”

त्यांच्या पाठीमागे पाईपमधून पाणी धो धो पडत होतं आणि एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वाहत होतं. म्हातारीनं एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. दत्तरावांना मान वळवावीशी वाटली आणि त्यांनी ती वळवली.

“बरं मालक,” ती म्हणाली.

ती चिडली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं.

बुधवारी सकाळी विहीर पुन्हा उपसली आणि दुपारी बारा वाजता साहेबांची जीप आली. ती क्रशरच्या रस्त्यानं आली होती, त्यामुळे साहेब उतरले ते पिठाच्या गिरणीतून उतरल्यासारखे. आल्या आल्या खोकायला लागले. तरी माणूस कामाचा होता. खोकत खोकतच विहिरीपाशी गेले, वाकले, गाळ बघितला, तलाठ्याकडून कागद घेतला आणि जीपच्या बॉनेटवर ठेवून लिहायला लागले. दत्तरावांनी सूर्यभानकडे बघून हळूच डोळा मिचकावला.

तेवढ्यात साहेबांना असा ठसका लागला की पेन हातातून पडलं. चेहरा लालबुंद झाला. त्यांनी हातानंच खूण केली, पाणी.

पन्नासएक माणूस भोवती उभा होता. कुणी हललं नाही. सगळ्यांच्या नजरा दत्तरावांवर. आणि दत्तरावांना, ज्यांच्या घरी तीन रांजण तोंडोतोंड भरलेले होते, अगदी हजरजबाबी उत्तर सुचलं.

“साहेब, पाणी असतं तर तुमाला कशाला तरास दिला असता?”

दोघंतिघं हसले. साहेब खोकतच राहिले, गुडघ्यावर हात टेकून, वाकून. ते हसू मग आपोआप विझलं. खोकणाऱ्या माणसाकडे नुसतं बघत उभं राहिलं की वेळ किती लांबतो, ते पन्नास माणसांना त्या दिवशी कळलं. दत्तरावांच्या आईनं असला प्रकार बघितला असता, तर वहाण काढली असती.

दगडाबाई तेव्हा भाकरी खायला क्रशरवरून घरी आली होती. तिचं घर विहिरीकडून पहिलंच. तिनं तो खोकला ऐकला. तिला तो खोकला ओळखीचा होता, रोज तिच्याच छातीतून निघायचा. ती तांब्या घेऊन गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं तो साहेबांच्या हातात दिला. कुणी तिला अडवण्याआधी साहेब अर्धा तांब्या प्यायले होते.

खोकला बसला. साहेबांनी डोळे पुसले.

“आई, वाचवलंस,” ते म्हणाले. मग तांब्यात बघून त्यांनी विचारलं, “हे पाणी कुठलं?”

“हितलंच की, इहिरीतलं. काल मोटार बंद झाल्यावर खाली उतरले अन् वाटी वाटीनं भरलं. जरा गढूळ हाय, पर गाळून घेतलंय.”

“मोटार?”

आपण काय बोललो ते म्हातारीला कळलंच नाही. साहेबांना मात्र कळलं. ते चार पावलं बागेकडे चालत गेले. भर मे महिन्यात मोसंबीची आळी ओलीगच्च होती, आणि एका आळ्यात तर चिमण्या अंघोळ करत होत्या.

साहेब परत आले. ओरडले नाहीत. लिहिलेल्या ओळीवर त्यांनी काट मारली आणि खाली नवी ओळ लिहिली. “विहिरीला पाणी आहे, सरपंच. पुरवून वापरा,” एवढंच बोलले. उरलेलं अर्धा तांब्या पाणी त्यांनी दगडाबाईला परत दिलं आणि जीपमध्ये बसले.

टँकर हातचा गेला.

मग गावात जे झालं ते वड्याचं तेल वांग्यावर. तीन दिवस मोटार चालली, सगळ्या गावानं ती ऐकली, पाणी कुठे चाललंय ते सगळ्या गावानं बघितलं. पण त्या दिवशी तोंडातोंडी झालं ते एकच, म्हातारीनं गाव बुडवलं. कुणी म्हणालं, तिला लय पुळका आला साहेबाचा. कुणी म्हणालं, तिच्या जिभेला हाडच नाही. बन्सीधर किराणावाला तर म्हणाला की असल्या बाईला गावात ठेवूच नये. दत्तराव हे सगळं ऐकत होते. त्यांनी कुणाला काही म्हटलं नाही आणि कुणाला गप्पही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडाबाई आपण होऊन पारावर आली. सगळ्यांसमोर तिनं दोन्ही कान धरले आणि पारावर डोकं टेकलं.

“माजं चुकलं, मालक. माज्यामुळं गावाचं पाणी गेलं. मला समजलं न्हाई.”

दत्तराव पारावर बसले होते. तिचं डोकं त्यांच्या पायांपासून वीतभर अंतरावर होतं. केसांच्या मुळाशी दगडाची भुकटी घट्ट बसलेली दिसत होती. तेव्हाच बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ते त्यांच्या तोंडात आलंही होतं. पण बाहेर पडलं ते दुसरंच.

“जाऊ दे, दगडाबाई. झालं गेलं. पुन्ना असं करू नको.”

“याला म्हंतेत मोठं मन,” बन्सीधर म्हणाला. माना डोलल्या.

घरी ते जेवायला बसले. बायको, केवळाबाई, समोर बसून वारा घालत होती. बोलणं कमी आणि नेमकं, अशी बाई.

“दगडाबाईला माफ केलं म्हनं तुमी?”

“हं.”

“कशाबद्दल?”

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. दत्तरावांनी ताटातच हात धुतला आणि ते उठले. लाज वाटते म्हणजे काय होतं, हे त्यांना पन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. ती चेहऱ्यावर नसते, घशात असते.

शुक्रवारी सकाळी ते विहिरीवर गेले. तीन दिवसांच्या उपशानं झरे मंदावले होते; रात्रभर झिरपलेलं पाणी भरायला रांग लागली होती. दोन पोरी खाली उतरून वाट्यांनी घागरी भरत होत्या, वरून पुरुष दोरानं ओढून घेत होते. रांगेत सगळ्यात मागे, ओढ्याच्या काठाला उन्हात, दगडाबाई उभी होती. ती पहाटेच आली होती म्हणे. पण गावानं ठरवलं होतं, तिचा नंबर शेवटी.

दत्तराव विहिरीच्या काठावर चढले.

“ऐका जरा,” ते म्हणाले. आवाज नेहमीचा निघाला नाही. “टँकर दगडाबाईमुळं न्हाई गेला. पाणी म्या उपसलं. म्या माज्या बागेला घातलं. गावाच्या नावाखाली माजी झाडं जगवली. तान्हेल्याला पाणी नका देऊ हे बी म्याच सांगितलं. तिची काय बी चूक न्हाई.”

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आता दगड पडतील. पडले असते तर त्यांनी अंगावर घेतले असते.

दोर ओढणारा सूर्यभान थांबला, त्यानं घागर काठावर ठेवली आणि खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं.

“ते ठाव हाय आमाला, मालक.”

“ठाव हाय?”

“न ठाव असायला काय झालं? तीन दिवस मोटार ऐकायलोत की आमी.”

“मग म्हातारीला कामून बोलायलाव?”

सूर्यभाननं खाली बघितलं. तो वाईट माणूस नव्हता, त्यालाही अवघड झालं असणार. “आता तुमाला कसं बोलावं, मालक?” तो म्हणाला. “तिला बोलता येतंय.”

आणि त्यानं दुसरी घागर ओढायला घेतली. बायकांनी पदर सावरले. रांग एका माणसानं पुढे सरकली.

दत्तराव काठावरून उतरले. ते रांगेच्या शेवटाला गेले, त्यांनी दगडाबाईच्या पायाशी असलेली रिकामी घागर उचलली आणि पुढे चालायला लागले, सगळ्यांच्या आधी ती भरून आणायला. दगडाबाई धावत त्यांच्या मागे आली. घागरीचा काठ तिनं दोन्ही हातांनी पकडला. ती खोकत होती.

“नगं, मालक. मला म्होरं घेऊ नगा.”

“अगं, पर...”

“तुमी जाताल घरी,” ती अगदी हळू म्हणाली, त्यांनाच ऐकू जाईल एवढं. “मागून लोकं पुन्ना मलाच बोलतील.”

दत्तरावांनी घागर सोडली. ती घेऊन म्हातारी मागे गेली आणि होती त्या जागी जाऊन उभी राहिली.