दिवेलागणीचं रडणं

दिवस कलला, की सुताराच्या घरात टाहो सुरू व्हायचा. तान्ही पोर मुठी आवळायची, गुडघे पोटाशी ओढायची आणि लालबुंद होऊन आकाशपाताळ एक करायची. शेजाऱ्यांनी तिचं नाव ‘भोंगा’ ठेवलं होतं.

तिची आई बाळंतपणातच गेली होती. सुताराला वाटायचं, लेक आईलाच हाका मारतेय. नातीला सांभाळायला सासूबाई येऊन राहिल्या होत्या. पोटची पोर गेली तरी त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. ते त्याला खुपायचं.

एका संध्याकाळी त्याचा तोल गेला. “गप्प बस एकदाची!” तो ओरडला. पोरीच्या खांद्यांवरची त्याची पकड घट्ट झाली. सासूबाईंनी पोर झटकन काढून घेतली.

“बाहेर पायरीवर बसा जरा. राग उतरला, की या आत.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, पोट चाचपलं. “छान भरतेय अंगानं. आजार काही नाही. काही बाळांना हा पोटशूळ होतो. का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. काही महिन्यांत ओसरेल. दूध पाजलं की ढेकर काढा, हातावर पालथी घेऊन हळूहळू फिरवा. अगदीच असह्य झालं, तर पाळण्यात उताणी ठेवून दोन मिनिटं बाजूला व्हा. पण हिसका कधी द्यायचा नाही.”

“आईसाठी रडते का हो ती?”

“नाही. आईच्या कुशीतली बाळंही अशीच रडतात.”

त्याचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच मन भरूनही आलं. लेकीला आई ठाऊकच नव्हती.

मग दोघांनी पाळ्या लावल्या. रंध्याने टणक झालेल्या त्याच्या हातावर पोर कधी निवायची, कधी मुळीच नाही. त्याची पाळी आली, की सासूबाई बाटल्या धुवायला स्वयंपाकघरात जायच्या.

असे आठवडे गेले. एका संध्याकाळी पोर रडलीच नाही. खिडकीकडे टकामका बघत राहिली. आनंदाने तो हाक मारणार, तोच आतून हुंदके ऐकू आले. पोरीला खांद्याशी धरून तो आत गेला. सासूबाई नळाखाली बाटली धरून मोठ्याने रडत होत्या. बाहेर शांत झालंय, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्याला पाहून त्या दचकल्या.

“रोज?” त्याने विचारलं.

“रोज. हिच्या आवाजात माझा खपून जायचा. तुम्ही आधीच खचलेले. म्हटलं, घरात एक तरी माणूस उभं राहायला हवं.”

त्याने नळ बंद केला. त्यांच्या हातातली बाटली घेतली. दोघं तिथेच फरशीवर टेकले.

“तीही अशीच रडायची हो लहानपणी,” त्या म्हणाल्या. “वाटलं होतं, तिला बाळ झालं की शिकवीन, कसं उचलून घ्यायचं ते.”

पोरीला मांडीवर घेऊन तो नुसता त्यांच्याशेजारी बसून राहिला आणि त्याने त्यांना रडू दिलं.