जगनच्या हळदीच्या सात फाइली

काशिराम फोटोवाल्याचं तोंड मला पुन्हा बघायचं नाही. जुन्या पनवेलातल्या त्याच्या स्टुडिओत तीन हेलपाटे घातले, तेव्हा कुठे त्याने सात फाइली पेन ड्राइव्हवर टाकून दिल्या, त्याही उपकार केल्यासारख्या. अठरा वर्षांपूर्वीचा कॅमेरा आहे, उघडल्या तर तुमचं नशीब, असं वर बजावलंन. मेल्याने इतकी वर्षं जपून ठेवल्या होत्या म्हणून मी गप्प बसले.

फाइली माझ्या मोठ्या भावाच्या, जगनच्या हळदीच्या. माझी आई कमळाबाई धवलारीण. आमच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. हळदीला, मांडवाला तीच धवळे म्हणते आणि घरातल्या एकेकाचं नाव घेऊन गाण्यात ओवते. कामोठ्यापासून जासईपर्यंत आईला बोलावणी असायची. पुढे गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता कानाशी तोंड आणून कुजबुजते. धाकट्या बाळूचं चौतिशीत एकदाचं जमलं, रविवारी त्याची हळद, आणि आईने एकच मागणं मागितलं. बाळूच्या मांडवात तिचेच धवळे वाजले पाहिजेत. दुसरी बाई आणाल तर मी घरातून बाहेर पडणार नाही, म्हणाली.

जगनच्या लग्नाची डीव्हीडी आहे घरात, पण ती काय चाटायची? बायका हळद लावतायत, आईचे ओठ हलतायत, आणि वर ठणाणा सिनेमाचं गाणं. आईचा एक शब्द ऐकू येत नाही. हे जगननेच करायला लावलं असणार, याबद्दल मला कधी शंका नव्हती. सरकारने घेतलेल्या शेतीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांतला प्लॉट हातात पडला, बिल्डर चहाला यायला लागले आणि साहेबांना आईचं गाणं गावठी वाटायला लागलं. हे मी त्याला प्रत्येक गणपतीत तोंडावर सुनावलंय. तो दरवेळी म्हणायचा, मी नाही सांगितलं. मी म्हणायचे, मग काय भुताने सांगितलं?

तर त्या सात फाइली. ऑफिसातून चार दिवस रजा टाकून मी कॉम्प्युटरसमोर ठाण मांडलं. साध्या प्लेयरने फाइल ओळखलीच नाही. सगळे ज्याचं नाव घेतात त्या दुसऱ्या प्लेयरमध्ये हिरवे चौकोन नाचले आणि आवाजाच्या नावाने शंख. नेटवर कोणी शहाणा म्हणाला, फाइलच्या नावाचं शेपूट बदला. बदललं, तर कॉम्प्युटर बंदच पडला. मग एक फुकटचा कन्व्हर्टर उतरवला. तो दोन तास घुमला, नव्याण्णव टक्क्यांवर अडकला आणि शेवटी सांगतो कसा, काहीतरी चुकलं. काय चुकलं ते सांग ना, मुडद्या! दुसरा कन्व्हर्टर बरा निघाला. त्याने चित्र लख्ख काढून दिलं. आई तिच्या हिरव्या लुगड्यात, हातात हळदीची वाटी, तोंड उघडतेय, मिटतेय. आवाज मात्र नाही. सातही फाइली मुक्या. तेव्हा मात्र मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला.

शनिवारी दुपारी जगन आला. आईला घेऊन आला, म्हणजे मला तोंडावर पाडायला साक्षीदार हवा. डीजेवाल्याला संध्याकाळपर्यंत पेन ड्राइव्ह पाहिजे, नाहीतर तो त्याचंच काय ते वाजवील, असं म्हणून तो सोफ्यावर पसरला. वर आईला ऐकू जाईल असं म्हणाला, की मोठी शिकलेली, चार दिवसांत एक फाइल हिला बदलता येत नाही. मीही सोडलं नाही. म्हटलं, तू तेव्हा आईच्या गळ्यावर गाणी चढवली नसतीस तर आज ही वेळच आली नसती. आई आमच्या दोघांच्या मधे खुर्चीवर बसली होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर सारखा केला.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्याच झटक्यात कन्व्हर्टरमधली एकेक खिडकी उघडून बघत सुटले. एका कोपऱ्यात आवाजासाठी वेगळा रकाना होता आणि तिथे 'कॉपी' निवडलेलं होतं. म्हणजे हा चित्र नवं बनवत होता आणि आवाज मात्र जुन्याच साच्यात तसाच पुढे ढकलत होता, तो कोणालाच वाजवता येत नव्हता. चार दिवस डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही. मी तिथला प्रकार बदलला, तिसरी फाइल घातली, कारण मुख्य हळद तीत होती. अकरा मिनिटं लागली.

मग स्पीकरमधून आई आली. भरलेला, खणखणीत, मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत जाणारा आवाज. जगन सोफ्यावरून उठून उभा राहिला. "आयेचा आवाज," एवढंच म्हणाला आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. मी त्याच्याकडे मुद्दाम वळून बघितलं. जिंकले होते मी.

तेवढ्यात कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक मुलगी बोलली.

"काका, ह्या बाईचं गाणं नंतर काढून टाका हं. माझ्या ऑफिसमधले सगळे बघणारेत. एखादं चांगलं गाणं टाका वर."

आवाज माझा होता. बेलापूरला नवी नोकरी लागली होती, तिघी मैत्रिणी पुढच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या, आणि हसतायत की काय म्हणून मी सारखी त्यांच्याकडे बघत होते. ते सगळं मला त्या एका क्षणात आठवलं. आई नाही म्हणाले मी, बाई म्हणाले.

पडद्यावर आई गाता गाता थांबली. कॅमेऱ्यापासून दोन हातांवर होती ती, सगळं ऐकलं होतं तिने. धवळ्यात पुढे नवऱ्या मुलाच्या बहिणीचा मान येतो, तिथे तिचं नाव घ्यावंच लागतं. आईने घेतलं. सुमती, म्हणाली, माझी गुणाची सुमती, आणि तिथून पुढचं सगळं खालच्या पट्टीत म्हटलं.

मला वाटलं आता जगन माझी सालटी काढणार. त्याचा हक्कच होता. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "काप तेवढं. तुला येतं ना कापता?"

येत होतं. आठ सेकंदांचा तुकडा, दोन खुणा करायच्या की झालं. मी माउसवर हात ठेवला, तर आईने माझं मनगट धरलं. बाहत्तर वर्षांची बाई, पण पकड अशी की हात हलेना. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं.

"कापायचा नाय," ती कुजबुजली. "पुरा वाजूंदे मांडवात. अठरा वर्सं मी आयकतंय. आता तू आयक."

मी तिच्याकडे बघायची हिंमत केली नाही. उरलेल्या सहा फाइली कन्व्हर्टरच्या रांगेत लावून बदलून घेतल्या, तिसरी होती तशीच पेन ड्राइव्हवर घातली, आणि जगनने तो डीजेवाल्याकडे न्यायला तळहात पुढे केला.