सासूबाईंनी पास करून घेतलेली शेड

जावयाने दोन माणसांचं छोटं विमान घेतलं, तेव्हा सासूबाईंनी ते हसण्यावारी नेलं. दातांच्या डॉक्टरला एखादं वेड असायचंच. पण त्यांनी गॅरेजचं दार उघडलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. गॅसच्या बॉयलरला खेटून पेट्रोलचे चार प्लास्टिकचे कॅन ठेवलेले. सासूबाईंनी बत्तीस वर्षं इंधनाच्या डेपोत कोठार सांभाळलं होतं. एका कॅनचं झाकण सैल आहे, हे त्यांना वासावरूनच कळलं.

"जावईबापू, यानं विमान उडवायचंय की घर?"

"धावपट्टीजवळ शेड आहे हो आई, पण तपासनीस तिथे पेट्रोल ठेवायची परवानगीच देत नाही. दोनदा नापास केलं."

"बरोबर केलं. उद्या शेड दाखवा."

"आता तुमची काही धडगत नाही," लेक नवऱ्याला म्हणाली.

पंधरा दिवस सासूबाईंनी जावयाला सळो की पळो केलं. दिव्याचं बटण शेडबाहेर गेलं, भिंतीला जमिनीलगत जाळ्या बसल्या, कोरड्या वाळूच्या बादल्या आल्या. प्लास्टिक जाऊन पत्र्याचे कॅन आले. पंपावर डॉक्टर डिकीतच कॅन भरायला लागले, तर सासूबाईंनी हात धरला.

"आधी खाली जमिनीवर ठेवा. ठिणगी पडली तर लोकांचे दात काढायला तुम्ही उरायचे नाही."

भरलेले कॅन त्यांनी डिकीत उभे ठेवून पट्ट्यांनी आवळले आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवायला लावल्या.

तिसऱ्यांदा आलेला तपासनीस गुडघ्यावर बसला.

"जाळ्या इतक्या खाली का?"

सासूबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या.

"पेट्रोलची वाफ जड असते, खाली साचते," डॉक्टर म्हणाले.

"आणि कॅन काठोकाठ का नाहीत?"

"उन्हानं पेट्रोल फुगतं. त्याला जागा हवी."

तपासनीसाने सही ठोकली. "कुणी शिकवलं?"

डॉक्टरांनी मान वळवून दाखवलं. तपासनीस सासूबाईंकडे वळला. "बाई, शेजारच्या दोन शेडही अशाच करून द्याल? त्यांनीही मला वात आणलाय."

"देईन. पण मी सांगेन तसंच करायचं," त्या म्हणाल्या. त्यांची छाती फुलून आली होती.

त्याच दुपारी त्यांनी विमानाच्या टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं, उजेडात धरलं, तळाशी पाण्याचा थेंब नाही हे पाहिलं आणि पदर खोचून विमानात चढल्या. शेडचं छप्पर काडेपेटीएवढं झालं, तशा त्या लहान मुलीसारख्या हसत सुटल्या.

"उतरायचं का आई?"

"इतक्यात? पेट्रोल भरपूर आहे, मी मोजलंय. अजून एक चक्कर मारा."